पर्यावरणाचा तास की वेळासचा किनारा?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांमुळे पर्यावरण शिक्षण अभ्यासक्रमात आलं. हा विषय खेड्यातल्या शाळेपर्यंतही पोहोचतो, ही त्याची मोठी ताकद. पण बहुतेक वेळा तो प्रश्नोत्तरं आणि प्रकल्पवहीतच संपतो, याचं मला फार वाईट वाटतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला मात्र वेगळंच घडलं. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी उकरून नेली जात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेतलं आणि अंडी कुंपणात हलवून जपायला सुरुवात केली. त्यानंतर दीडेक महिन्याने कार्यकर्ते रोज सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलून पाहतात. पिल्लं वर आली असतील, तर ती वाळूवर सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी समुद्र गाठतात. हे पाहायला येणारे पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, त्यामुळे कासव जपण्यात गावाचंही हित आहे. हे सगळं प्रत्यक्ष पाहणारं मूल किनाऱ्यावर प्लॅस्टिक टाकताना नक्कीच थबकेल.

अर्थात सगळ्यांना कोकण परवडत नाही, आणि गर्दीचा त्रास पिल्लांनाच होतो. मुंबईकरांना धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, तेही जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं. मला विचाराल तर मुलांना आधी अशा ठिकाणी न्या, धडा नंतर शिकवा.