यासर सेरावान यांची शिकवणी: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत

पाडव्याला सुरू केलं, आता दिवाळी उलटली. जेवणं झाली की बुद्धिबळाचे ग्रँडमास्टर यासर सेरावान यांचं एक लेक्चर. सेंट लुइस चेस क्लबच्या यूट्यूब चॅनेलवर फुकट आहे, डेटा तेवढा आपला.

माणूस दमास्कसमध्ये जन्मलेला, 1960 चा. वाढला अमेरिकेत. बुद्धिबळ शिकला बाराव्या वर्षी. आमच्या गल्लीत सहा वर्षांच्या पोराचं रेटिंग विचारतात! तरी 1979 मध्ये हा ज्युनियर जगज्जेता. चारदा अमेरिकेचा विजेता. 1986 च्या दुबई ऑलिंपियाडमध्ये कास्पारोव्हला हरवलं, तेही तो जगज्जेता असताना. आव्हानवीर कोर्चनॉयने तर 1981 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीला याला मदतनीस म्हणून घेतलं होतं. त्यामुळे किस्से ऐकीव नाहीत, शेजारी बसून पाहिलेले.

पहिले तीन महिने मात्र वाया गेले, माझ्याच चुकीने. कॉटवर लोळत कीर्तन ऐकावं तसं ऐकत होतो. सगळं पटायचं, आणि रविवारी सांगलीच्या गावभागातल्या काकांकडून हरायचं ते हरतच होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, खेळता की नुसतं बघता?" मग पट मांडून बसलो. सर समोरच्या पोरांना विचारतात, इथे काय खेळाल? तिथेच व्हिडिओ थांबवायचा, आपली चाल वहीत लिहायची, मगच पुढे.

खरा फायदा झाला हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरलेल्या डावाच्या शेवटात. काकांकडे एक प्यादं जास्त, बाकी दोघांकडे राजा आणि हत्ती. पूर्वी मी हत्ती घरच्या ओळीत दडवून बसायचो. फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूची रीत अशी: राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत. समोरच्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. कंटाळून त्याने प्यादं त्या ओळीत ढकललं, की हत्ती पटाच्या थेट दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. राजाला आडोसा मिळत नाही, कारण ती जागा त्याच्याच प्याद्याने अडवलेली असते. आठवा शह दिला तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला आणि बरोबरी मान्य केली.

तक्रारीही आहेत. सगळं इंग्रजीत. लेक्चरांना क्रम नाही, गृहपाठ नाही. मध्येच किस्सा सुरू झाला की पटावरचा घोडा बिचारा ताटकळतो. मला ते आवडतं, पण अकरा वर्षांचा भाचा दहा मिनिटांत उठून गेला. सोंगट्या कशा चालतात इथपासून सुरुवात असेल तर इथे येऊ नका, आधी जवळचा क्लास गाठा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी पोरं घडवली ते हे गाव, भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. शिकवणारं कुणीतरी सापडेलच.

रेटिंगचं विचाराल तर मी स्पर्धा खेळत नाही, माझी स्पर्धा काकांशी. त्या बरोबरीनंतरच्या रविवारी त्यांनी वजिरावजिरी (वजिराच्या बदल्यात वजीर) होऊच दिली नाही. एंडगेम आलाच नाही, चोविसाव्या चालीला मात.