वीकेंड एमबीए : पैसे भरण्याआधी पावतीवरचं नाव वाचा

सोलापुरातून शनिवार-रविवारच्या वर्गासाठी पुण्याला जायचं तर एका बाजूने सुमारे अडीचशे किलोमीटर. आठवडाभर चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट करून किंवा बँकेत काउंटर सांभाळून हे दोन वर्षं झेपत नाही. म्हणून "वर्ग इथेच, फक्त रविवारी, पदवी मोठ्या विद्यापीठाची" असं कोणी म्हटलं की माणूस भुलतो. या गरजेवरच बोगस अभ्यास केंद्रांचा धंदा उभा आहे.

यात विद्यापीठ बहुधा खोटं नसतं, आणि शिकलेली माणसं फसतात ती इथेच. विद्यापीठाचं नाव खरं, मान्यता खरी, नेटवर शोधलं तरी सगळं जुळतं. खोटा असतो तो मधला एजंट. त्याच्या पाटीवर "अधिकृत अभ्यास केंद्र" असतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या नियमावलीप्रमाणे दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी फ्रँचायझी देऊन चालवता येत नाही. ऑनलाइन पदवीला अभ्यास केंद्र नसतंच. दूरस्थ पदवीला असतं, पण परराज्यातल्या खासगी विद्यापीठाला सोलापुरात ते उघडता येत नाही. म्हणजे "रविवारचे वर्ग" हे त्या एजंटने स्वतः चालवलेले क्लास. विद्यापीठाचा त्यांच्याशी संबंध नाही आणि जबाबदारीही नाही.

आता पैसा कसा जातो ते नीट बघा. समजा एकूण फी सांगितली १ लाख २० हजार, "बिनव्याजी १२ हप्ते, महिना फक्त दहा हजार". तुमच्याच मोबाइलवर आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी असं पाच मिनिटांत उरकतं. ही फी भरल्याची प्रक्रिया नसते, हे तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. वित्तसंस्था जवळजवळ सगळी रक्कम एकदम एजंटला देते. एजंट त्यातलं पहिल्या सत्राचं, समजा ३० हजार, विद्यापीठात भरतो. त्यामुळे एनरोलमेंट नंबर येतो, पोर्टल उघडतं आणि संशयाला जागा उरत नाही. दुसऱ्या सत्राची फी मात्र जात नाही. परीक्षा अर्जाची वेळ येते तेव्हा पोर्टलवरचं खातं बंद, हॉलतिकीट नाही, आणि वर्गाच्या गाळ्याला कुलूप. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. एजंटने फसवलं म्हणून कर्ज आपोआप माफ होत नाही.

हे ओळखायला पावती पुरते. मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर जीएसटी नसतो. पावतीवर १८ टक्के जीएसटी आणि कुठल्यातरी "एज्युकेशन सर्व्हिसेस"चं नाव असेल, तर तुम्ही पदवीची फी भरलेली नाही, त्या दुकानाची सेवा विकत घेतली आहे. फी भरायची ती विद्यापीठाच्या पोर्टलवर, स्वतःच्या लॉगिनने, एका वेळी एकाच सत्राची. एकरकमी भरली तर सवलत आहे असं सांगून जो घाई करतो, त्याच्याकडून उठून निघावं.

दुसरी कसोटी डीईबी आयडीची, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) विद्यार्थी क्रमांकाची. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी तो लागतोच. आधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (श्रेयांक म्हणजे क्रेडिट साठवण्याच्या खात्याचा क्रमांक), मग डीईबीच्या पोर्टलवर विद्यार्थ्याने स्वतः डीईबी आयडी काढायचा, आणि तो विद्यापीठाच्या अर्जात टाकायचा. एजंट म्हणतो, "तुम्ही कामात असता, आम्ही करून देतो," आणि स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल नोंदवतो. मग विद्यापीठाच्या सूचना, स्वाध्यायांच्या तारखा, थकबाकीच्या नोटिसा सगळ्या त्याच्याकडे. तुम्हाला कळतं तेव्हा सत्र गेलेलं असतं.

डीईबीच्या त्याच संकेतस्थळावर मान्यतेची यादी आहे. ती बघताना फक्त विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका. वर्ष, सत्र, अभ्यासक्रम आणि पद्धत (दूरस्थ की ऑनलाइन) या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. बीए-बीकॉमची मान्यता दाखवून एमबीए विकलं जातं. सत्रं दोनच: जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट. "मागच्या सत्रात दाखवतो, सहा महिने वाचतील" हा सरळ बनावट कागदांचा प्रस्ताव आहे, आणि उद्या नोकरीत पडताळणी झाली की त्यात अडकणार तुम्ही.

"नियमित एमबीए, हजेरीची सूट" हा प्रकार तर त्याहून वाईट. महाराष्ट्रातल्या नियमित एमबीएचा प्रवेश मुख्यतः सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून होतो, आणि विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याच दोन वर्षांत तुमचा पीएफ पूर्णवेळ नोकरीचा दिसत असेल, तर एचआरला शंका यायला वेळ लागत नाही.

अभ्यासाचं गणितही करून पाहा. इग्नू एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरते. त्या हिशेबाने ८० श्रेयांकांची पदवी म्हणजे २४०० तास, दोन वर्षांत आठवड्याला साधारण २३. रविवारच्या दोन तासांत हे होईल असं सांगणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

पैसे गेलेच असतील तर क्रम महत्त्वाचा. ऑनलाइन दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. रक्कम गोठवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. कर्ज नुकतंच घेतलं असेल तर करारातली "कूलिंग ऑफ" मुदत तपासा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन बाहेर पडता येतं. मुदत संपली असेल तर रागाच्या भरात हप्ता बंद करू नका, सिबिल बिघडतो. वित्तसंस्थेला लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सोबतच विद्यापीठाच्या कुलसचिवांना ईमेल करून दोनच प्रश्न विचारा: माझ्या नावावर किती फी जमा आहे, आणि या केंद्राशी तुमचा करार आहे का? "करार नाही" हे लेखी उत्तर पोलिसांत फार उपयोगी पडतं. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीत एजंटला "सेवा पुरवठादार" म्हणून पक्षकार करा. शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत असा राष्ट्रीय आयोगाचा २०२० चा निकाल आहे आणि समोरचा वकील तोच पुढे करतो. एजंट ही शैक्षणिक संस्था नाही हे दाखवायला तिथे ती जीएसटीची पावती कामाला येते.

आणि १९३० ची तक्रार व "कूलिंग ऑफ" या घाईच्या गोष्टी सोडल्या, तर बाकी सगळ्याच्या आधी एक काम करा. "पडताळणीसाठी" दिलेली मूळ गुणपत्रकं व पदवी प्रमाणपत्र परत मागा, तोंडी नव्हे, ईमेलने. यूजीसीच्या २०१८ च्या धोरणाप्रमाणे खुद्द विद्यापीठालाही मूळ कागद ठेवून घेता येत नाहीत. कागद हातात आले की मगच एजंटशी पैशांचं भांडण सुरू करा, नाहीतर तेच कागद अडवून तुमच्याकडून तक्रार मागे घेतल्याचं लिहून घेतलं जातं.