६:४२ वर अडकलेला टास्कबार: नवी पेठेतून घेतलेल्या जुन्या संगणकाचा सात महिन्यांचा अनुभव

२० एप्रिलच्या संध्याकाळी, सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्याचे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायला बसलो असताना माझ्या संगणकाचा टास्कबार, म्हणजे पडद्याच्या कडेची स्टार्ट आणि कार्यक्रमांच्या चिन्हांची पट्टी, थिजला. पट्टी दिसत होती, परंतु स्टार्टवर क्लिक केले तरी मेनू उघडेना, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या चिन्हावर क्लिक केले तरी काही होईना, आणि कोपऱ्यातील घड्याळ ६:४२ वर थांबले होते. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटे झाली होती. विवरणपत्राची ती शेवटची तारीख होती आणि उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. रक्कम मोठी नाही, पण चूक माझ्या संगणकाची असताना ती कारखानदाराकडून कोणत्या तोंडाने मागणार?

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद होणार म्हणून दिवाळीआधी हा वापरलेला संगणक १६,५०० रुपयांना घेतला. आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जलद डिस्क) असल्यामुळे विंडोज ११ त्यावर रीतसर चालते. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार टास्कबारचीच आहे. विंडोज १० मध्ये मी तो वर्षानुवर्षे पडद्याच्या डाव्या कडेला ठेवत असे, कारण त्यामुळे खातेवहीच्या एक-दोन ओळी अधिक दिसतात; या संगणकावर तो खालीच ठेवावा लागला. ज्याला दिवसभर उभे आकडे वाचायचे आहेत, त्याला ही सोय काढून घेतल्याचा राग का येतो, हे तोच जाणे.

डिसेंबरमध्ये तर टास्कबार नाहीसाच झाला होता. सुट्टीत आलेल्या भाच्याने सेटिंग्जमधील पर्सनलायझेशनमध्ये, टास्कबारच्या पानावर, तो आपोआप लपवण्याची खूण करून ठेवली होती. विंडोजची कळ दाबली की टास्कबार वर येतो का, एवढे आधी पाहावे. येत असेल तर बिघाड काहीच नाही.

फेब्रुवारीपासूनचा टास्कबार थिजण्याचा प्रकार मात्र वेगळा होता. दर वेळी मी बटण दाबून संगणक बंद करत असे आणि न साठवलेले काम गमावत असे. विक्रेत्याकडे नेला तेव्हा तेथील मुलाने पडद्याकडे नीट न पाहताच सांगितले, “काका, फॉर्मॅटच मारावं लागंल. सातशे रुपये.” टॅलीचा डेटा, डिजिटल स्वाक्षरीचे ड्रायव्हर आणि प्रिंटर हे सगळे पुन्हा बसवण्याचे दोन दिवस त्याच्या हिशेबात नव्हते. मी संगणक उचलून घरी आणला.

२० एप्रिलला नाइलाजाने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या. टास्क मॅनेजर उघडला. त्यातील ‘विंडोज एक्सप्लोरर’ या ओळीवर उजवे क्लिक करून रीस्टार्ट निवडताच पडदा क्षणभर रिकामा झाला, टास्कबार परत आला आणि घड्याळाने ६:४२ वरून थेट ७:११ वर उडी घेतली. टॅली आणि ब्राउझर उघडेच होते, कारण टास्कबार हा एक्सप्लोररचा भाग आहे आणि बाकीचे कार्यक्रम त्यावर अवलंबून नसतात. यादीत ती ओळ सापडली नाही, तर तेथूनच नवे टास्क चालवण्याच्या चौकटीत इंग्रजीत ‘एक्सप्लोरर’ टाइप करून एंटर दाबावे. ७:४० ला विवरणपत्र गेले.

येथपर्यंत मी दोष विक्रेत्याला आणि विंडोजला देत होतो. नंतर रोजमेळ चाळला. टास्कबार अडकला की त्या दिवसाच्या समासात मी फुली मारत असे. पाच फुल्या होत्या आणि त्यांपैकी चार, वीज अचानक गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या. वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ बॅटरीवर चालू ठेवणारा यूपीएस मी घेतला नव्हता. ‘एसएसडीला काय होणार’ असे म्हणून तो खर्च वाचवला होता. पण एखादी फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहू शकते, मग डिस्क कोणतीही असो. प्रशासकाच्या अधिकाराने टर्मिनल उघडून विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा, आधी डीआयएसएमची ‘रिस्टोअरहेल्थ’ आणि मग एसएफसीची ‘स्कॅननाऊ’, चालवल्या. दोन्हींना मिळून पाऊण तास लागला. विंडोजच्या काही फाइली खराब निघाल्या आणि त्या दुरुस्त झाल्याचा संदेश आला.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत टास्कबार एकदाच अडकला आणि रीस्टार्टने सुटला, त्यामुळे सगळा दोष विजेचा होता असे मी म्हणणार नाही. विक्रेत्याबद्दलच्या अभिप्रायातील दोन तारे मी तीन केले आहेत; चौथा त्या सातशे रुपयांच्या सल्ल्यापायी गेला. नंतर घेतलेल्या यूपीएसचे २,९०० धरून संगणक मला १९,४०० रुपयांना पडला, आणि रोजमेळाच्या ऑक्टोबरच्या पानावरील आकड्याशेजारी तो लाल शाईने लिहून ठेवला आहे.