डाळमिलमध्ये ईआरपीनेक्स्ट, दोन हंगामांनंतर

जळगाव एमआयडीसीत आमची छोटी डाळमिल आहे, तूर आणि हरभऱ्याची. दोन हंगाम झाले, सगळा हिशेब मी ईआरपीनेक्स्ट या साठा, खरेदी-विक्री सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर ठेवते.

आधी कामाचं सांगते. क्विंटलभर तूर भरडली की क्विंटलभर डाळ हाती येत नाही. चुनी निघते, टरफल निघतं, वाळवणीत घट येते. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ही घट दर वेळी हाताने टाकावी लागायची आणि मार्चमध्ये स्टॉक काही केल्या जुळायचा नाही. इथे एकदा बीओएम (कोणत्या मालातून काय, किती निघतं त्याची यादी) नीट बसवला की डाळ, चुनी, टरफल आपापल्या नावाने साठ्यात जमा होतं. चुनी पशुखाद्यवाल्यांना जाते, तिचा आता किलोकिलोचा हिशेब लागतो. जीएसटीसाठी ‘इंडिया कॉम्प्लायन्स’ हे अ‍ॅप वेगळं टाकावं लागतं. मराठी भाषांतर मात्र अर्धवट आहे, आमच्या दिवाणजींना पहिले दोन महिने फार जड गेले.

आता पैशांचं. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी बिलात लिहिलं, ‘व्यापारी लायसन, 4 युजर, वार्षिक 36,000’. पहिल्या वर्षी मी निमूट भरले. मग दिवाळीत भाचा आला, त्याने परवानाच उघडून वाचून दाखवला. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल 3 या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुलं केलेलं. त्या परवान्याचं 10 वं कलम सांगतं की त्यात दिलेले हक्क वापरल्याबद्दल कोणी लायसन फी किंवा रॉयल्टी लावू शकत नाही. वापरणारा विद्यार्थी असो की डाळमिल. बसवून देणाऱ्यांना विचारल्यावर उत्तर आलं, “धंद्यासाठी वापरता, मग द्यावेच लागतील.” अ‍ॅडमिनचा पासवर्डही देईनात.

बसवण्याचे, शिकवण्याचे, रात्री साडेदहाला फोन उचलण्याचे पैसे मी खुशीने दिले असते. ती मेहनत आहे आणि परवाना तिच्या आड येत नाही. पण जे आधीच माझं आहे त्याचं भाडं माझ्याकडून वसूल केलं, ही फसवणूक आहे.

दिवाणजी म्हणाले, “फुकट शे ना ताई, मंग पैसा कसाना?” तेही मला पटत नाही. 2014 मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाची मोठी त्रुटी सापडली. बँकांपासून मेलपर्यंत जगाचे व्यवहार ज्याच्या भरवशावर, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या. मिल ज्याच्यावर चालते ते लिहिणाऱ्याच्या घरात काहीतरी पोचलंच पाहिजे.

म्हणून आता आमचा डेटा फ्रॅपेच्याच क्लाउडवर आहे. दरमहा पैसे जातात, पण होस्टिंगचे म्हणून, आणि ते बनवणाऱ्यांनाच मिळतात. सॉफ्टवेअर घ्याच. कोणाकडून बसवून घेणार असाल तर बिलावर ‘बसवणी’ आणि ‘देखभाल’ असे शब्द लिहून घ्या, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड पहिला हप्ता देतानाच मागा.