पावणेतीन हजारांचे स्मार्टवॉच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात माझ्या रक्ततपासणीच्या अहवालात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा, ६.१ टक्के आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा मानला जातो, त्यामुळे डॉक्टरांनी गोळी न देता आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालायला सांगितले. चालण्याचा हिशेब कोणीतरी ठेवावा, एवढ्याच हेतूने मी २,७५० रुपयांचे स्मार्टवॉच घेतले. वय ४९, नोकरी शाळेत आणि राहणे साताऱ्यात, तेव्हा माझा वापर म्हणजे सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ किंवा मैदानावरच्या फेऱ्या, दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी स्वयंपाक. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक घड्याळांचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

खोक्यावर शंभराहून अधिक खेळांची यादी होती. त्यांपैकी मी आजवर एकच वापरला, तो म्हणजे चालणे. मात्र दुकानात ज्या दोन गोष्टी मी हट्टाने पाहिल्या, त्यांचा फायदा आजही होतो. पडदा अॅमोलेड, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा, घेतला, त्यामुळे सकाळी नऊच्या उन्हातही आकडे वाचता येतात. पट्टा साध्या २२ मिलिमीटर मापाचा, पिनेवर निघणारा आहे का, हेही पाहिले. मूळचा पट्टा सातव्या महिन्यात तुटला, तेव्हा दीडशे रुपयांत दुसरा मिळाला. ज्या घड्याळाचा पट्टा फक्त त्याच कंपनीचा बसतो, ते पट्टा तुटला की बहुधा कपाटातच जाऊन पडते.

पावलांच्या बाबतीत घड्याळ बरेचसे प्रामाणिक आहे. सपाट मैदानावर तोंडाने मोजून १,००० पावले चालले, तेव्हा त्याने ९६८ दाखवली. पण पाऊल मोजणारा सेन्सर पायाला नव्हे, तर मनगटाच्या हेलकाव्याला ओळखतो, हे मला ओट्याशी उभे असताना कळले. सहा भाकऱ्यांचे पीठ मळून, त्या थापून, भाजून होईपर्यंत माझ्या खात्यात ३८० पावले जमा झाली होती आणि मी ओट्यापासून हाललेही नव्हते. याच्या उलट, जूनमध्ये घड्याळाच्याच हातात छत्री धरून १,००० पावले चालले, तेव्हा आकडा ८१० वर थांबला. त्यामुळे रोजचा आकडा मी अचूक मोजमाप म्हणून न घेता कालच्या आकड्याशी ताडून पाहते, आणि स्वयंपाकाच्या वेळी घड्याळ काढून फ्रिजवर ठेवते. १०,००० पावलांच्या उद्दिष्टाचेही फार मनावर घेऊ नये. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाच्या नावाने एक पेडोमीटर विकला जाऊ लागला, तिथून हा गोल आकडा रूढ झाला. मी माझे उद्दिष्ट ७,००० ठेवले आणि ते बहुतेक दिवशी पूर्ण होते.

अंतराच्या बाबतीत मात्र माझी निवड चुकली. या घड्याळात स्वतःचे जीपीएस नाही, ते फोनचे उसने घेते. फोन घरी ठेवला, तर पावलांची संख्या आणि उंचीवरून काढलेली पावलाची अंदाजी लांबी यांचा गुणाकार करून ते अंतर सांगते. ४०० मीटरच्या धावपट्टीवर दहा फेऱ्या म्हणजे ४ किलोमीटर, पण भराभर चालताना पाऊल लांब पडल्याने घड्याळाने ३.६ दाखवले. चढावर पाऊल आखूड पडते, त्यामुळे तिथे तेच घड्याळ उदार होते आणि न चाललेले अंतरही पदरात टाकते.

हृदयाचे ठोके मोजण्यासाठी घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्यागणिक त्वचेखालच्या रक्ताचे प्रमाण बदलते, तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. त्या चढउतारावरून ठोके काढले जातात. स्वस्थ बसले असताना मनगटाची नाडी धरून मोजलेले ठोके आणि घड्याळाचा आकडा यांत दोनतीनपेक्षा जास्त फरक मला कधी आढळला नाही. चढावर मात्र त्याची दमछाक होते. अजिंक्यताऱ्याच्या चढावरच्या ‘चार भिंती’ या स्मारकाजवळ धापा टाकत थांबून १५ सेकंदांत ३४ ठोके मोजले, म्हणजे मिनिटाला १३६ झाले. घड्याळ त्या वेळी १०४ वर होते, आणि मी श्वास घेऊन पुन्हा चालायला लागले तेव्हा कुठे ते १३० पर्यंत पोचले. मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, बांगड्यांच्या मागे, पट्टा जरा घट्ट बांधल्यावर हे मागे पडणे कमी झाले, पण गेले नाही. माझ्या कामाचा खरा आकडा वेगळाच निघाला: सकाळचे विश्रांतीचे ठोके नोव्हेंबरात ७८ च्या आसपास होते, ते आता ७१ वर आले आहेत. ही उतरती रेघ पाहून पावसातही घराबाहेर पडावेसे वाटते.

सासूबाईंना घड्याळाचे कौतुक, म्हणून त्यांच्या हातावर बांधले, तर दिवा लुकलुकत राहिला आणि पडद्यावर दोन आडव्या रेघाच दिसल्या. त्यांच्या डाव्या मनगटावर जुने दाट गोंदण आहे आणि त्याचा गडद रंग सगळा प्रकाश पिऊन टाकतो. उजव्या हातावर बांधताच आकडा आला.

त्याच कुतूहलापोटी मी घड्याळ लाटण्याला बांधले. लाटण्याचे ठोके ७४ आणि रक्तातील ऑक्सिजन ९७ टक्के निघाला! चकचकीत पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश सेन्सरला फसवू शकतो, हे मान्य. पण समोर त्वचा नाही हे ओळखून गप्प बसण्याइतकी अक्कल चांगल्या घड्याळाला असायला हवी. त्या दिवसापासून ऑक्सिजनचा आकडा मी पाहणे सोडले.

रक्तदाबाचे प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सासूबाईंना दाबाची गोळी चालू आहे. एके सकाळी त्यांचे डोके जड झाले, तेव्हा घड्याळाने १२१/७९ सांगितले आणि त्याच मिनिटाला दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या यंत्राने १५८/९२. आम्ही घड्याळावर विसंबलो असतो, तर त्या दिवशी डॉक्टरांकडे गेलोच नसतो. घड्याळात दंडावर दाब देणारा पट्टा नाही, दाब मोजणारे काही नाही. प्रकाशाच्या लाटेवरून केलेला तो अंदाज आहे, आणि तो अंदाजही माझ्या अनुभवात सगळ्यांना सारखाच निरोगी ठरवतो. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांच्या जाहिराती तर माझ्यासारख्या माणसाला फार भुरळ घालतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले होते, की स्वतःहून रक्तशर्करा मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. साखरेसाठी मी अजूनही दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतच जाते.

झोपेची नोंद मला निरुपयोगी वाटली. रात्री पलंगावर टेकून उत्तरपत्रिका तपासत होते, तो पाऊण तास घड्याळाने गाढ झोपेत मांडला. (काही उत्तरपत्रिका पाहता त्याची तितकीशी चूक नसावी.)

बॅटरीचा खोक्यावरचा दावा सात दिवसांचा होता. ब्लूटूथवरून फोन घेणे चालू आणि ठोक्यांची नोंद अखंड ठेवली, तर ती जेमतेम तीन दिवस टिकते. फोनची सोय बंद करून दर दहा मिनिटांनी ठोके घ्यायला सांगितले, तर साडेपाच दिवस. चार्जर चुंबकाने चिकटणारा आणि त्याच मॉडेलचा लागतो, दुसऱ्याचा चालत नाही. पाचव्या महिन्यात त्याची तार निकामी झाली. हमीचा काळ चालू असूनही नवा मिळायला २६ दिवस लागले आणि तेवढे दिवस घड्याळ बंद होते, म्हणून घेण्याआधी सुटा चार्जर बाजारात मिळतो का, हे जरूर पाहावे.

साताऱ्याच्या पावसात ते आजवर टिकले आहे. धूळ-पाण्यापासून बचाव सांगणारी आयपी६८ ही खूण साध्या, संथ पाण्यासाठी असते, गरम पाणी आणि साबणासाठी नाही, म्हणून आंघोळीला मी ते काढते. पडद्यावर थेंब पडले की तो बोट समजून भलतेच काही उघडतो. एकदा चढाच्या मध्यावर शाळेच्या मुख्याध्यापकांनाच फोन लागला होता. पडदा बंद ठेवण्याची सोय आहे आणि आता निघतानाच ती चालू करते.

धाकट्या जावेला असेच घड्याळ घ्यायचे आहे. ती फोन न घेता पळायला जाते, त्यामुळे तिला मी आणखी दीड-दोन हजार घालून जीपीएस असलेलेच बघायला सांगितले आहे. दुकानात जाताना लाटणे तेवढे घेऊन जा, असेही सांगितले, पण ती ते मनावर घेईल असे वाटत नाही.