हातकागदाची रेघी वही: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

जूनच्या सुरुवातीला घेतलेली ही वही आता संपत आली असून तिच्याविषयी सविस्तर लिहावे इतका तिचा वापर झाला आहे. पुण्यातील एका लहान कार्यशाळेत बांधलेली, सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाची, ए५ आकाराची (१४८ × २१० मिमी) आणि १९२ पृष्ठांची, म्हणजे ९६ पानांची, ही वही मला ६८० रुपयांना मिळाली. मी हौशी मोडी वाचक आहे. जुन्या कागदांचे देवनागरी लिप्यंतर करणे आणि मोडीचा हात सुटू नये म्हणून रोज थोडे लेखन करणे, या दोनच कामांसाठी मी ती वापरली. त्यामुळे पुढील मत हे देवनागरी आणि मोडी लिहिणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगतो.

या वहीचा सर्वांत मोठा गुण तिच्या आखणीत आहे. बाजारातील बहुतेक एकरेघी वह्या रोमन अक्षरांचा विचार करून आखलेल्या असतात. ते अक्षर रेघेवर बसते आणि त्याला वरखाली फारशी जागा लागत नाही. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. ‘मूर्तींचे’ हा एकच शब्द लिहून पाहावा: शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी दाटीने येतात, शेजारी एक मात्रा असते, आणि खाली दीर्घ उकार उतरतो. साधारण ८ मिमी अंतराच्या रेघांत असे दोन शब्द एकाखाली एक आले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि मग आपण नकळत अक्षर बारीक करतो किंवा एक ओळ सोडून लिहू लागतो. या वहीत रेघांमधील अंतर १० मिमी आहे. केवळ अंतर वाढवून भागले नसते. आखणाऱ्याने पानाच्या माथ्यावर इतका समास सोडला आहे की पहिल्याच ओळीतील वेलांट्या कापल्या जात नाहीत, आणि शेवटच्या रेघेखालीही उकारांना आणि ‘ट्र’, ‘द्ध’ यांसारख्या उभ्या रचनेच्या जोडाक्षरांना पुरेल एवढी जागा आहे. म्हणजे ही रेघ शिरोरेषा म्हणूनच आखलेली आहे. ज्याने हे केले त्याने स्वतः या वहीत मराठी लिहून पाहिले असणार, असे मला पहिल्या आठवड्यातच वाटले आणि ते मत आजही कायम आहे.

मोडीसाठी तर ही आखणी फारच सोयीची ठरली. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरे टांगत जातात. येथे रेघ फिकट राखाडी असल्यामुळे तिच्यावरून शाईची रेघ ओढली की खालची रेघ पूर्ण झाकली जाते आणि पान जुन्या पत्रासारखे एकसंध दिसते. गडद निळ्या रेघांच्या वहीत दोन रेघा एकमेकींशी भांडत राहतात.

कागदाविषयी अधिक बारकाईने लिहायला हवे. तो १२० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा, आहे. ए० आकाराच्या तावाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असते आणि त्याचे बत्तीस भाग केले की ए५ चे पान मिळते; म्हणजे या वहीचे एक पान पावणेचार ग्रॅमचे, आणि पुठ्ठ्यासह संपूर्ण वही जवळपास अर्ध्या किलोची होते. हे वजन पिशवीत जाणवते. मात्र सुती तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे पान खोडरबराने कितीही घासले तरी फाटत नाही, आणि कापसात लिग्निन जवळजवळ नसल्यामुळे वर्तमानपत्राचा कागद जसा काही आठवड्यांत पिवळा पडतो तसा हा पडणार नाही, असा भरवसा वाटतो. दप्तरखान्यात शाई नेता येत नसल्यामुळे तेथील टिपणे पेन्सिलीने करावी लागतात. या कागदाची किंचित खरखर पेन्सिलीला फार मानवते.

शाईची गोष्ट वेगळी. हातकागदाला दोन बाजू असतात: लगदा गाळण्याच्या जाळीकडची थोडी खडबडीत आणि दुसरी तुलनेने गुळगुळीत. गुळगुळीत बाजूवर मध्यम निबाचे फाउंटन पेन सुरेख चालते, रेघेची कड स्वच्छ राहते आणि शाई मागे उमटत नाही. खडबडीत बाजूवर बोरू मात्र अडतो. जाड रेघ ओढताना तंतू टोकाला लागतात आणि ‘क’च्या गाठीत शाईचा बारीक केसर फुटतो. जुन्या लेखकांना ही अडचण येत नसे, कारण त्यांचा कागद खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटलेला असे. पेशवेकालीन कागद हातात घेतला तर त्याची चकाकी अजूनही दिसते आणि काजळाची शाई वर तरंगल्यासारखी काळीभोर राहिलेली असते. जुन्नर, दौलताबादजवळचा कागजीपुरा, खानदेशातील एरंडोल ही आपल्याकडील हातकागदाची जुनी ठिकाणे. पुढे गिरणीच्या कागदापुढे हा व्यवसाय टिकेनासा झाल्यावर महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली. ही परंपरा इतक्या जवळ असताना आजच्या वहीचा कागद दोन्ही बाजूंनी घोटून मिळावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैच्या मध्यापासून पानांच्या कडा लाटांसारख्या उठू लागल्या. यंत्राच्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने असतात, त्यामुळे तो दमट हवेत आडव्या अंगाने अधिक फुगतो आणि गुंडाळी होऊ पाहतो. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असल्यामुळे फुगवटा सर्व बाजूंना सारखा येतो. त्यामुळे पाने वळली नाहीत, पण वही चांगलीच जाड झाली आणि मिटेनाशी झाली. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ऑगस्टमध्ये, एरवी व्यवस्थित वागणारी तीच शाई गुळगुळीत बाजूवरही पसरू लागली. हवेतील ओलाव्यामुळे कागदातील खळ कमी पडत होती हे उघड आहे. तेवढे दिवस मी पेन्सिलीवर भागवले. ऑक्टोबरचे ऊन लागल्यावर वही दोन पाटांमध्ये दाबून ठेवली आणि ती बरीच पूर्ववत झाली. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी ही बाब लक्षात घेऊनच वही घ्यावी. कण्याशी खळीचा वापर असल्यामुळे कसर लागण्याची भीती असते; मी कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवला आणि तसा त्रास झाला नाही.

बांधणीबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. आठ-आठ पानांचे जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवून ही वही बांधलेली आहे, त्यामुळे ती मधोमध कुठेही उघडली तरी टेबलावर सपाट राहते आणि मूळ कागदाचे छायाचित्र शेजारी ठेवून लिप्यंतर करताना एक हात वही धरण्यात गुंतत नाही. गोंदाने चिकटवलेल्या वह्यांचे गठ्ठे सहा महिन्यांत सुटलेले मी पाहिले आहेत. येथे एकही पान हललेले नाही. पुठ्ठ्यावरील तांबडे खादीचे कापड कडांना फिके पडले आहे, एवढेच.

शेवटच्या पानावर शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरठशांनी, छापलेली संपूर्ण वर्णमाला आहे, आणि वहीतील हे पान मी सर्वांत जास्त वेळा उघडून पाहिले आहे. खिळ्यांचा दाब कागदात किंचित रुतलेला बोटाला जाणवतो; भिंग लावले तर शिरोरेषेत दोन खिळ्यांच्या सांध्याशी केसाएवढी फट दिसते, आणि खिळे जुळवणाऱ्याने ती किती कमी राखली आहे हेही दिसते. अक्षरांचे भरदार वळण पाहून, जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पोथ्यांची आठवण होते. मला विशेष समाधान वाटले ते पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ पाहून. ही दोन्ही रूपे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी निश्चित केलेली आहेत. तरीही संगणकावर आणि मोबाइलवर आपल्यापुढे बहुधा हिंदी वळणाचीच रूपे येतात आणि लहान मुले तीच गिरवतात. ही रूपे छापील नमुन्यात इतक्या नेटक्या प्रमाणात समोर असली की स्वतःच्या हस्ताक्षरातील ‘ल’ची दुसरी पाकळी किती आखूड राहते ते लगेच कळते.

किंमत जास्त आहे. रोजच्या हिशेबासाठी, शाळेच्या अभ्यासासाठी किंवा जेल पेनने भराभर लिहिणाऱ्यासाठी ही वही घेण्याचे कारण मला दिसत नाही. काही पानांवर आखणीची रेघ मध्येच फिकी होऊन नाहीशी झाली आहे, आणि या किमतीत ते चालवून घेऊ नये. पण जो देवनागरी किंवा मोडी हाताने लिहितो आणि लिहिलेले टिकावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याला ही आखणी दुसरीकडे सहज मिळणार नाही. मी दुसरी वही मागवली आहे. कागद दोन्ही बाजूंनी घोटून द्यावा आणि खळीचे प्रमाण वाढवावे, असे कार्यशाळेला लिहून कळवले असून, त्यासाठी शंभर-दीडशे रुपये अधिक द्यायची माझी तयारी आहे.