कॅनव्हासवर ॲक्रिलिक नीट बसवायचं तर आधी गेसो: काही महिन्यांच्या वापरानंतर

ताणलेला तयार कॅनव्हास, हेवी बॉडी म्हणजे घट्ट ॲक्रिलिक रंगांच्या ट्यूब, गेसो (रंगाआधी कापडावर द्यायचं पांढरं अस्तर), दोन-तीन मीडियम (रंगात मिसळायची पारदर्शक द्रव्यं), रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य) आणि वॉर्निश, एवढं सगळं सामान गेले कित्येक महिने मी जवळजवळ रोज वापरते आहे. त्याआधी माझं काम कागदावर चालायचं. आता माझं मत पक्कं झालं आहे. कॅनव्हासवर रंग बसत नाही, फराटे दिसतात, छटा मळकट वाटते, तेव्हा बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, रंगाखालच्या थराचा असतो. म्हणून नवी ट्यूब घेण्याआधी गेसोचा डबा घ्या.

तयार कॅनव्हासवर ‘प्राइम्ड’ (अस्तराचा हात दिलेला) असं छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण कारखान्यात दिलेला तो हात बरेचदा पातळ असतो. कॅनव्हास उजेडासमोर धरून पाहा, विणीतली बारीक भोकं चांदण्यांसारखी चमकली तर समजा की ब्रश फिरताना रंग धाग्यांच्या उंचवट्यावर लागेल आणि खळग्यांत पांढरे ठिपके उरतील. सुती कॅनव्हासात २८० आणि ३८० ग्रॅम प्रति चौरस मीटर ही वजनं सर्रास मिळतात. मोठ्या चित्रासाठी जड कापडच घ्यावं. हलकं कापड ओल्या रंगाखाली सैल पडतं आणि मधोमध ब्रश दाबला की मागच्या आडव्या पट्टीची रेघ उमटते.

दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. कोपऱ्यात एक थेंब ठेवायचा. तो लगेच शोषला गेला तर पृष्ठभाग तहानलेला आहे, रंग ब्रशमधून ओढला जाईल आणि लांब रेघ मध्येच कोरडी पडेल. तो मण्यासारखा तसाच राहिला तर पातळ रंग घसरेल. आपल्याला हवं असतं ते या दोन्हींच्या मधलं, आणि ते गेसोने साधता येतं.

ॲक्रिलिक गेसो म्हणजे ॲक्रिलिकचाच बाइंडर (रंगद्रव्याचे कण बांधून धरणारं द्रव्य), त्यात चॉक आणि टायटॅनियमचा पांढरा. चॉकमुळे पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा येतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. सरस आणि खडूचा जुना पारंपरिक गेसो वेगळा. तो लाकडी फळीसाठी ठीक, पण ताणलेल्या कापडावर तडकतो.

माझी पद्धत आता ठरून गेली आहे. पहिला हात थोडं पाणी घालून, रुंद चपट्या ब्रशने, सगळा आडवा. तो पूर्ण वाळला की दुसरा हात उभा. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, अजिबात जोर न लावता, गोल गोल घासायचं. घासताना तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते. ओल्या फडक्याने पुसून तिसरा हात आडवा द्यायचा आणि पुन्हा घासायचं. बोटांची टोकं अलगद फिरवली की फरक कळतो: आधी विणीचे दाणे बोटाला लागत होते, आता अंड्याच्या कवचासारखं लागतं. अशा कॅनव्हासवर बारीक ब्रशने ओढलेली पापणीची रेघ न तुटता एका दमात जाते. पॅलेट नाईफने (रंग थापायच्या पातळ सुरीने) जाड काम करायचं असेल तर इतकं घासायची गरज नाही, तिथे पोत कामालाच येतो.

कोरं, काहीच न लावलेलं सुती कापड घेत असाल तर गेसोच्याही आधी ग्लॉस मीडियमचा हात द्या. ओल्या थरातलं पाणी कापडातली पिवळसर द्रव्यं वर खेचतं. जाड अपारदर्शक रंगात ते दिसत नाही, पण जेल (घट्ट मीडियम) किंवा ग्लेझच्या (मीडियम घालून पातळ केलेल्या रंगाच्या) पारदर्शक थरांत पिवळट झाक उतरते आणि ती नंतर काढता येत नाही.

आता रंग. विद्यार्थी दर्जा आणि कलाकार दर्जा यांतला फरक कागदावर मला फारसा जाणवला नव्हता, कॅनव्हासवर तो लख्ख दिसला. विद्यार्थी दर्जात रंगद्रव्य कमी आणि भरताड जास्त, त्यामुळे एका हातात काम होत नाही. सगळेच रंग महागातले घ्यायला हवेत असं मात्र मला वाटत नाही. मातीचे रंग (ओकर, बर्न्ट सिएना, अंबर) साध्या दर्जातही छान निघतात. पैसे घालायचे ते पांढऱ्यावर. पांढरा सगळ्यात जास्त संपतो आणि तो कमजोर असला की त्यात मिसळलेली प्रत्येक छटा कमजोर होते. टायटॅनियम व्हाइट झाकायला, झिंक व्हाइट पारदर्शक हलकेपणासाठी.

ट्यूबवरचं नाव वाचून भागत नाही, मागचा कोड वाचा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम व्हाइट. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरी द्रव्यं घालून ती छटा जुळवलेली असते. एका ट्यूबमध्ये दोन-तीन कोड असतील तर मिश्रणं लवकर मळकट होतात. बरेच उत्पादक छोटा चौकोनही छापतात: रिकामा म्हणजे पारदर्शक, अर्धा भरलेला म्हणजे मधला, पूर्ण भरलेला म्हणजे झाकणारा. पिवळा रंग झाकत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. बरेच पिवळे मुळात पारदर्शकच असतात. गडद भागावर पिवळा हवा असेल तर आधी तिथे पांढऱ्याचा हात देऊन, वाळल्यावर त्यावर पिवळा लावा. मग तो पेटून उठतो.

वाळल्यावर रंग गडद होतो. बाइंडर ओला असताना दुधाळ असतो, पाणी उडालं की काचेसारखा स्वच्छ होतो आणि दुधाळपणाने आलेली फिकट झाक निघून जाते. अल्ट्रामरीन, अंबर यांसारख्या गडद रंगांत हे जास्त दिसतं. आधी वाळलेल्या भागाशी छटा जुळवायची असेल तेव्हा गेसो दिलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यावर एक पट्टा ओढते, हेअर ड्रायरने वाळवते आणि तो तुकडा चित्रावर ठेवून बघते. पॅलेटवरचा ओला रंग डोळ्यांनी जुळवत बसण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

पातळ करायला पाणी की मीडियम? गेसोवर पहिला पातळ हात द्यायचा तर पाणी चालतं, शोषणारा पृष्ठभाग रंगद्रव्य धरून ठेवतो. वरच्या थरांत मात्र मीडियमच हवं. पाण्याने बाइंडर विरळ होतो, आणि खाली आधीच वाळलेला गुळगुळीत ॲक्रिलिकचा थर असेल तर वरचा पाणचट रंग ओल्या ब्रशने पुसून येतो. मीडियम घातलं की रंग पातळ होतो, पण त्याची पकड जात नाही.

आणि वेळ, ॲक्रिलिकची खरी कसोटी. पातळ थर दहा-वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो. मोठ्या आकाशात निळ्यातून फिकटाकडे सरकताना डावी बाजू वाळते आणि उजवीकडे पोचेपर्यंत मध्ये कडा तयार होते. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवणं, साय फाटावी तसा तो फाटतो. तिथे हात आवरायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि नवा हात द्यायचा. रिटार्डरने थोडी मुदत मिळते, पण बाटलीवर दिलेल्या प्रमाणापलीकडे गेलात तर थर चिकट राहतो. माझी बाटली संपली की मी परत घेणार नाही. त्याऐवजी सावकाश वाळणारं ग्लेझिंग मीडियम, बारीक फवाऱ्याची बाटली आणि ओली पॅलेट एवढं पुरतं. पॅलेट घरीच होते: उथळ डबा, तळाशी ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग मऊ असतो.

ब्रश सिंथेटिकच घ्या. नैसर्गिक केसांचे ब्रश सतत पाण्यात राहिले की लुळे पडतात. पत्र्याच्या बांगडीपाशी रंग साचला की केस फाकतात, म्हणून काम चालू असतानाही मधून मधून धुवावेत.

थंडीचीही काळजी घ्यावी लागते. खोलीचं तापमान साधारण ९ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर बाइंडरचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत. थर वरून वाळलेला दिसतो, पण कच्चा राहतो आणि तडे जाऊ शकतात.

वॉर्निशची घाई नको. वरून कोरडा लागणारा जाड थर आतून वाळायला आठवडे घेतो. मी आधी ग्लॉस मीडियम पातळ करून एक विलग करणारा हात देते आणि तो वाळल्यावर काढता येणारं वॉर्निश. पुढे कधी वॉर्निश काढावं लागलं तर खालचा रंग सुरक्षित राहतो. मॅट वॉर्निश जाड लावलं तर गडद भागांवर पांढरट धुकं येतं, पातळ दोन हात बरे. बाटली जोराने हलवू नका, बुडबुडे होतात. काठीने ढवळा.

एक उणीव कुठल्याही मालात राहतेच. ॲक्रिलिकचा थर पूर्ण वाळल्यावरही किंचित मऊ असतो. उन्हाळ्यात तर जास्तच. धूळ धरतो, आणि दोन चित्रं समोरासमोर टेकवून ठेवली तर एकमेकांना चिकटतात. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळलं तर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात. चित्रं उभी ठेवा, मध्ये हवा राहू द्या, पाठवायचीच असतील तर रंगाला लागून सिलिकॉनचा कागद आणि बबल रॅप त्याच्या बाहेरून. कॅनव्हास सैल पडला असेल तर मागून किंचित पाणी शिंपडा किंवा चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हातोडीने हलक्या ठोका.